पंचवीसपैकी नऊ

२०२१च्या त्या एप्रिलमध्ये सगळ्यांना एकच आकडा हवा असायचा. महाळुंग्यातल्या सीटी सेंटरमध्ये कोरोनाच्या छातीच्या स्कॅनचे रिपोर्ट मी लिहीत असे. फुफ्फुसांचे पाच भाग, न्यूमोनिया किती पसरलाय ते पाहून प्रत्येकाला पाचपर्यंत गुण, बेरीज पंचवीसपैकी. त्याखाली मी चार ओळी लिहायचो. त्या कोणी वाचत नसे. बारावीचा निकाल असावा तसं लोक दारातूनच विचारत, "स्कोर किती?"

सोनीचा स्कॅन समोर आला आणि मी खुर्ची पुढे ओढली. मुठा गावाच्या वरच्या वाडीतली, मजुरी करणारी बाई. जुन्या टीबीने तिचं डावं फुफ्फुस आकसून मुठीएवढं झालं होतं, हृदय त्या बाजूला ओढलं गेलं होतं. नवा न्यूमोनिया उजवीकडे होता. तिथले भाग तीन, प्रत्येकात तीन गुण. म्हणजे नऊ. पण श्वास घ्यायला तिच्याकडे तेवढंच फुफ्फुस होतं.

माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही. मी पुस्तक काढून पुन्हा ताडून पाहिलं, मग लिहिलं: 'एकच फुफ्फुस कामाचे आहे. नऊ हा स्कोर फसवा आहे. ताबडतोब ऑक्सिजनची खाट द्यावी.' एरवी माझ्या प्रत्येक रिपोर्टात कुठेतरी 'बहुधा' असतंच. या वेळी नव्हतं.

थोड्याच वेळात तिचा नवरा कान्हू कोविड केंद्रातून रिपोर्ट घेऊन परत आला. "साह्येब, घेत न्हाईत. नऊच हाय, घरी जा म्हंत्यात. तिला बोलायलाबी दम न्हाई."

मी कधी माझ्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडत नाही. त्या दिवशी फिल्म आणि रिपोर्ट काखेत मारून निघालो. कोविड केंद्र रस्त्यापलीकडच्या, अजून कोणी राहायला न आलेल्या इमारतीत होतं. फाटकाशी टेम्पो उभा. त्यात सोनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती, खांदे उचलून उचलून श्वास ओढत होती.

खाटांचं वाटप अमोल नावाचा गावातलाच तरुण बघत होता.

"सर, दहाच्या वर असेल तरच ऑक्सिजन बेड. वरून नियम आलाय."

"अहो, खालच्या ओळी वाचा ना."

"वाचून भरू कुठं? ॲप फक्त आकडा घेतं."

"मग डॉक्टरांना बोलवा."

"ते पीपीई घालून आत आहेत. राऊंड झाल्याशिवाय येत नाहीत." मग समजूत घातल्यासारखा हसला. "सर, भांडताय कशाला? वाढवा की आकडा. पेन तुमचं, शिक्का तुमचा."

"आणि मग हे कोण वाचणार?" मी फिल्म त्याच्या तोंडासमोर धरली. माझा आवाज फाटला. "पंचवीसपैकी नऊ नाहीत रे हे, पंधरापैकी आहेत! उरलेले दहा गुण कुठल्या फुफ्फुसाला देऊ? तूच सांग, कुठल्या?"

"काका, ओरडू नका. इथं सगळेच ओरडतात."

ते खरं होतं, म्हणूनच माझ्या अंगाची आग झाली. टेम्पोतून खोकल्याचा आवाज आला आणि मध्येच अडकला.

मी रिपोर्ट फाटकाच्या खांबावर ठेवला आणि माझ्या चारही ओळींवर काट मारली. कित्येक वर्षांपूर्वी मेलेलं फुफ्फुस कोरोनाने खाल्लं असं लिहिलं. डावीकडचे दोन भाग, पाच आणि पाच. एकूण एकोणीस. सही करताना कागद फाटला.

अमोलने आकडा टाकला. लगेच स्ट्रेचर आलं.

"बघा," तो म्हणाला, "आधीच लिहायचं होतंत."

सोनीला आत नेलं. कान्हू माझ्यापाशी आला. त्याचे ओठ सुकले होते.

"साह्येब, येकोनीस? मगाशी तर नऊ व्हतं. येवढ्यात इतकं वाढलं?"

अमोल दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता. त्याच्यासमोर आकडा खोटा म्हटलं असतं तर त्याला खाट परत घ्यावी लागली असती.

"हो," मी म्हणालो, "वाढलं."

कान्हू तिथेच वाळूच्या ढिगावर बसला आणि त्याने तोंडावर गमछा घेतला. खरं काय ते सांगता यावं म्हणून अमोल कधी एकदाचा आत जातो याची वाट पाहत, दातओठ खात, मी कान्हूजवळ उभा राहिलो.