पुढच्या खोलीतले चार टायर

गाडीला नवे टायर आले, आणि मधल्या मुलाची बायको घरी येऊन परत गेली. झालं ते एवढंच. पण असं काही घडलंच नाही असं त्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे, आणि पाहुण्यानं यजमानाच्या शब्दाबाहेर जाऊ नये. तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

तर, घडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

मधल्याचे वडील एका बस डेपोत टायर विभागाचे प्रमुख होते. हाताखाली दोन माणसं आणि डोंगराएवढे टायर, आणि माणसांपेक्षा टायर जास्त ऐकायचे. निवृत्त झाल्यावर माणसं सुटली, टायर सुटले, सवय मात्र सुटली नाही. डेपोत त्यांचा एकच मंत्र होता: फेरपालट. पुढचा टायर मागे, मागचा पुढे, म्हणजे कुणा एकाचीच झीज होत नाही. घरी बसल्यावर त्यांनी हा मंत्र गाद्यांना लावला, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना लावला, बुटांनाही लावून बघितला. उजवा बूट डाव्या पायात गेला नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. शेवटी मंत्र खोल्यांपर्यंत पोचला.

खोल्या तीन. पुढची, तिला दोन बाजूंनी वारा आणि घरातला एकुलता एक कूलर. मधली, जी मधल्या सगळ्या गोष्टींसारखी ना धड चांगली ना वाईट. आणि पश्चिमेची. पश्चिमेच्या खोलीची भिंत दुपारभर ऊन प्यायची आणि रात्रभर ओकायची. उन्हाळ्यात तिच्यावर हात ठेवला की हात आपला आहे याची खात्री पटायची.

राहणारी बिऱ्हाडंही तीन: बाबा आणि आई, थोरला आणि वहिनी, मधला आणि त्याची बायको. धाकटा हॉलमध्ये झोपायचा आणि दुपारी उठायचा. त्याची झीजच होत नसल्यामुळे बाबांनी त्याला फेरपालटीतून वगळलं होतं. बाकीच्यांनी दर ऋतूला एकेक खोली पुढे सरकायचं. कपाटं, गाद्या, देव्हारा, सगळं घेऊन. प्रत्येकाला प्रत्येक खोली मिळणार. याहून न्याय तो काय असतो?

त्या न्यायातली गोम लग्न होऊन आलेल्या मुलीला दिसली. दुसऱ्या उन्हाळ्यात मधल्याची बायको बोटं मोजत बसली होती.

"ऐक ना," ती म्हणाली, "खोल्या तीन. ऋतू तीन. बिऱ्हाडं तीन."

"बरं मग?"

"मग आपण जन्मभर उन्हाळ्यात पश्चिमेलाच. बाबा जन्मभर थंडीत पश्चिमेला. ते उबेला येतात इथं, आणि आपण भाजायला."

मधल्यानं स्वतः बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली, तिकडे काही वेगळं निघतंय का बघायला. निघालं नाही.

बाबांना सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुला तिन्ही खोल्या मिळतात की नाही?"

"मिळतात."

"मग?"

मधल्याकडे उत्तर होतं, पण ते फक्त बरोबर होतं, आणि बरोबर असणं त्या घरात पुरत नसे. बाबांचा आणखी एक डेपोतला नेम होता: तोंडी काही ऐकायचं नाही, अर्ज द्यायचा. मधल्यानं अर्ज दिला. बाबांनी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि दुपारची झोप काढायला पुढच्या खोलीत गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात बायकोला सातवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला उकाड्यात ठेवू नका, पाय सुजतायत. त्या रात्री तिनं ओली चादर अंगावर घेतली, ती वाळेपर्यंत जागी राहिली, आणि सकाळी बॅग भरली.

"माहेरी जाते," ती म्हणाली. "मला एक न हलणारी खोली दे, थंड. आणि न्यायला येशील तर गाडीचे टायर बदलून ये. त्या टायरवर मी या पोटाला घेऊन बसणार नाही."

घरची सेडान बाबांच्या वयाला शोभेल अशी होती. टायरांची नक्षी अजून शाबूत होती, कारण गाडी फारशी बाहेर पडतच नसे. पण वर्षानुवर्षं अंगणात उन्हात उभं राहून त्यांच्या बाजूंना भेगा पडल्या होत्या, कोरड्या विहिरीच्या तळाला पडतात तशा.

खोलीचं नाव काढलं की बाबांना कमी ऐकू यायचं. टायर म्हटल्यावर मात्र ते ताडकन उठून बसले. कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज कुणी पाहिलं नव्हतं. मधल्यानं मनाशी म्हटलं, चला, आधी टायर, मग खोली. एकदा माणूस हो म्हणायला लागला की हो म्हणतच जातो. हा त्याचा सिद्धांत होता, आणि त्याला त्याच्या आयुष्यात अजून एकही पुरावा मिळालेला नव्हता.

टायरच्या दुकानात तिघे गेले, बाबा, थोरला आणि मधला. थोरल्याला रुंद टायर हवे होते.

"रस्त्यावर बसते कशी गाडी, बघायची," थोरला म्हणाला.

"बसते कशाला? चालत नाही का?" बाबा म्हणाले.

टायरवाला पोट सावरत पुढे आला. "काका, आपल्याकडचं ऊन बघता रुंदीचं सोडा, उष्णतेचं अक्षर बघा. ए, बी आणि सी. ए सगळ्यात जास्त तापमान सोसतो. सी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण माझं नाव कुणाला सांगू नका."

"तारीख?"

"ही बघा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ताजा माल आहे, काका. सकाळच्या पावासारखा."

बाबांनी टायरला नख लावलं, बोटानं टकटक केली, वास घेतला. रबर कडक आहे का मऊ, मऊ असेल तर उन्हात लवकर झिजेल का, कडक असेल तर पहिल्या पावसात घसरेल का, भार किती पेलतो, वेग किती सोसतो, एकामागून एक प्रश्न. मधल्याला आठवलं, त्याच्यासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हा बाबांनी दोनच प्रश्न विचारले होते, आणि त्यातला एक बाथरूम कुठंय हा होता.

शेवटी चार टायर ठरले. ए अक्षराचे, मध्यम कडक, गाडीला होते त्याच मापाचे. थोरला रुसून बाहेर उभा राहिला.

"बसवून देऊ?" टायरवाल्यानं विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "घरी नेतो."

टायरवाल्यानं मधल्याकडे बघितलं. मधल्यानं आकाशाकडे बघितलं. आकाशाला दुसरी कामं होती.

"मग एक करा, काका," टायरवाला म्हणाला, "उन्हात ठेवू नका. थंड, अंधारी जागा हवी. रबराला उकाडा सोसत नाही. पडून असलं तरी आतून म्हातारं होतं."

हे वाक्य बाबांच्या काळजाला भिडलं. घरी येताच त्यांनी पुढची खोली रिकामी करायला घेतली. स्वतःची. स्वतःची गादी त्यांनी हॉलमध्ये धाकट्याशेजारी टाकली, आणि आईची त्या गादीशेजारी.

"मी का?" आईनं विचारलं.

"रबराला उकाडा सोसत नाही."

"माझ्या तीन बाळंतपणांत हा माणूस पंख्याखालून उठला नव्हता," आई वहिनीला म्हणाली, "आणि आता टायरांसाठी खोली सोडतोय. माझंच चुकलं. मी गोल जन्माला यायला हवं होतं."

"गोल व्हायला वेळ लागत नाही, आई," धाकटा अंथरुणातून म्हणाला, आणि उशी डोक्यात बसल्यावर परत झोपला.

टायर मधल्यानंच वाहिले. एकेक करून, छातीशी धरून, पुढच्या खोलीत. बाबांनी फळ्या मांडल्या होत्या. टायर उभे ठेवायचे, आडवे नाही. पडदे ओढले, कूलर सुरू केला. आणि बाबा म्हणाले, "आता ही खोली फेरपालटीत नाही. टायर हलवायचे नाहीत."

मधला दारातच थबकला. त्यानं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"ही खोली फेरपालटीत नाही," बाबा म्हणाले. "बहिरा झालास का?"

नियम मोडला होता! त्या घरात पहिल्यांदा. मधल्याला वाटलं, उद्या परवा टायर गाडीला लागतील, खोली मोकळी होईल, आणि मोकळी झालेली न हलणारी थंड खोली कुणाला मिळणार? गरोदर सुनेला. दगडालाही एवढं कळतं. त्यानं गच्चीवर जाऊन बायकोला फोन लावला.

"झालं! पुढची खोली आता हलणार नाही. बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

पलीकडे ती हसली. रडल्यासारखं हसली.

"खरंच? बाबा म्हणाले?"

"कूलरसकट."

टायरांचा उल्लेख त्यानं केला नाही. एक दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जॅक आणि पाना घेऊन अंगणात बसला. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"काय करतोस?"

"नवे टायर बसवायला नेतो. चाकं काढतोय."

"जुन्यांची नक्षी झिजेच्या खुणेपर्यंत उतरली का?"

"नाही, पण बाजूंना भेगा पडल्यात, बाबा."

"भेगा माझ्या टाचांनाही पडल्यात. मला बदलता का?"

"मग नवे आणले कशाला?"

"तयारी म्हणून. जुना संपल्याशिवाय नवा काढायचा नाही. डेपोत असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं." ते चहा फुंकत आत गेले. पाना मधल्याच्या हातातच राहिला, आणि गाडी आठवड्यातून एकदा जेवढी बाहेर पडायची ते बघता जुन्यांची नक्षी संपेपर्यंत येणारं मूल स्वतः गाडी चालवायला लागलं असतं.

बायकोला फोन करून खरं सांगावं असं त्याला दुपारी वाटलं. संध्याकाळीही वाटलं. आधी बाबांना वळवू, मग सांगू, असं त्याचं चाललं होतं. पण तिला धीर नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भावाची गाडी दारात उभी राहिली. ती एका हातानं पाठ धरत उतरली, दुसऱ्या हातात बॅग. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मधल्यानं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"ये, ये," बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले. "तुला दाखवतो." आणि त्यांनी पुढच्या खोलीचं दार उघडलं.

अंधार. गारवा. कूलरची घरघर. फळ्यांवर चार टायर ओळीनं उभे, वर पांढरा धुतलेला पंचा.

बाबा हळू आवाजात बोलू लागले, कुणी झोपलं असावं तसे. "रबर नाजूक असतं. उकाडा लागला की आतून जातं. बाहेरून कळतही नाही."

ती टायरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, यांचा पश्चिमेला नंबर कधी?"

"टायरांचा? पश्चिमेला?" बाबा हसले. "वेडी का तू? त्या खोलीत कुणी टायर ठेवतं का?"

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा एकटेच हसत राहिले, मग तेही थांबले, आणि का थांबलो ते आठवेना म्हणून पंचा सारखा करू लागले.

ती पुढे झाली. वाकता येत नव्हतं म्हणून नुसता हात लांब करून तिनं एका टायरवर तळवा ठेवला.

"थंड आहेत हो," ती मधल्याला म्हणाली. एरवी ती त्याला अरे म्हणायची. "सांभाळा त्यांना."

बॅग तिनं खाली ठेवलीच नव्हती. भावानंही गाडी बंद केली नव्हती. मधला फाटकापर्यंत धावला, तोवर ते वळणावर पोचले होते. गाठायचं तर सेडान होती, पण तिचे टायर उन्हात फुटण्याजोगे होते, आणि न फुटणारे विश्रांती घेत होते.

जेवताना बाबांनी विचारलं, "कुणी आलं होतं का सकाळी?" सगळे म्हणाले, नाही. मधलाही म्हणाला. मग पश्चिमेच्या खोलीत जाऊन, तापल्या भिंतीला पाठ लावून, त्यानं कागद घेतला.

"प्रति, कुटुंबप्रमुख यांसी. विषय: वर्गवारी बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार, त्याची पत्नी व येऊ घातलेले मूल यांची नोंद सध्याच्या 'माणसे' या सदरातून कमी करून 'टायर (न वापरलेले)' या सदरात घेण्यात यावी, व त्यानुसार थंड, अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागेत, उभ्याने का होईना, ठेवण्यात यावे. अर्जदारास उष्णतेचे कोणतेही अक्षर मिळालेले नाही, तरी 'सी' धरून सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती."