खिडकीतल्या उन्हात राहिलेलं भिंग

पितळी कड्यात बसवलेली, लाकडी दांड्याची, वाचायच्या भिंगाची जुनी काच म्हणजे मी. मित्रांनो, बारीक अक्षरं मोठी करून दाखवण्यात माझा जन्म गेला. पण एका दुपारी माझ्यामुळे एक घर पेटता पेटता राहिलं. ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एका कारागिरानं मला आठवडाभर घासलं. प्रत्येक वेळी तो मला उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि पुटपुटायचा, "अजून नाही." एके दिवशी तो काहीच बोलला नाही. तेव्हा मला कळलं, मी तयार झाले.

चष्म्याच्या दुकानातून मला एका बाईंनी घेतलं, आपल्या यजमानांसाठी. यजमान वेधशाळेत नोकरीला होते. वारा, पाऊस, पारा सगळं मोजायचं आणि लिहायचं, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांना सगळे ढगकाका म्हणत. कपडे वाळत घालण्याआधी समोरच्या शिवणताई खिडकीतून ओरडायच्या, "ढगकाका, घालू का?" ते आभाळाकडे बघून सांगायचे, "अर्धे घाला."

घरीही त्यांची एक वही असे, दर वर्षाची वेगळी. डाव्या बाजूला हवा, उजव्या बाजूला त्या दिवसाची एकच ओळ. 'वारा पश्चिमेचा, जोरात. लेक सायकलवरून पडली, रडली नाही.' बस, एवढंच.

पुढे बाई गेल्या, नोकरीही संपली. मग रोज जेवणानंतर ते पश्चिमेच्या खिडकीपाशी टेबलावर बसत. पुस्तक टेकवायच्या तिरक्या लाकडी घोडीवर आधी वाचनालयाचं पुस्तक, मग एखादी जुनी वही. "तू आहेस म्हणून दिवस जातो बघ," असं ते मला म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई. वाचून झालं की मला पुसून कातडी पाकिटात ठेवत. त्यात कधी खंड पडला नाही.

त्या वर्षी लेकीनं सुट्टी काढली. चार दिवस बाबांना घेऊन तळ्याकाठी जायचं ठरलं. लेक लहान असताना तिघं एकदा तिथंच गेली होती. निघायच्या दिवशी ढगकाका त्या जुन्या सुट्टीची पानं उघडून बसले. खाली टॅक्सी भोंगा वाजवत होती.

"बाबा, उठा ना! टॅक्सीवाला वैतागलाय."

"एवढी ओळ होऊ दे गं."

"ओळी कुठं पळून जातायत का? चला."

ते उठले. दारातून म्हणाले, "भिंग पाकिटात ठेव हं."

"हो, ठेवते," ती म्हणाली. पाकीट काही दिसेना. तिनं माझा दांडा टेबलावरच्या पेन्सिलींच्या बरणीत खुपसला आणि धावत गेली. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. खिडकी उघडीच राहिली होती, पडदाही बाजूला सारलेला. माझ्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला, वीतभर अंतरावर, उघडी वही.

पहिल्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले. ऊन माझ्यातून आरपार गेलं आणि टेबलावर एक पांढरा ठिपका पडला. ठिपका हळूहळू वहीच्या कडेला पोचला. कागद पिवळा पडला, मग तांबूस. अक्षर मोठं करण्यापलीकडे माझ्यात आणखी काही आहे, हे मला तेव्हा कळलं आणि माझी भीती मलाच वाटू लागली. मला वळता येईना, पडता येईना. एवढ्यात ढग आला. मी सुटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणताई झाडांना पाणी घालायला आल्या. चावी त्यांच्याकडेच असायची. मला वाटलं, आता वाचले. त्यांनी कुंड्यांत पाणी घातलं, टेबलावरची धूळ फुंकली, माझ्याकडे बघितलंसुद्धा. "काय पसारा ठेवून गेलेत!" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुपारी आभाळात नावालाही ढग नव्हता.

ठिपका सरळ पानावर उतरला. 'आज होडीत' एवढे शब्द मी वाचले आणि ते माझ्या डोळ्यांदेखत काळे झाले. धुराची बारीक रेघ वर चढली. भोक पडलं, त्याची कड लाल झाली आणि ती पसरू लागली. एक पान, दुसरं, पाचवं. पडद्याचं टोक वाऱ्यानं आत येत होतं, परत जात होतं. एकदा ते आलं आणि परत गेलंच नाही. पेटलं.

समोर मशीनवर बसलेल्या शिवणताईंनी मान वर केली. "अगं बाई!" एवढंच ऐकू आलं. मग त्यांची चावी सापडेना. कापडाच्या ढिगात त्यांनी हात घातले, टोपल्या उलट्या केल्या, आणि पडदा वर वर जळत होता. शेवटी दार उघडलं. झारी, बादली, पुन्हा बादली. पडदा खाली आला, ज्वाळा विझली. ताई ओल्या जमिनीवरच बसल्या.

ताईंचा फोन गेला आणि बाप-लेक सुट्टी अर्धी टाकून त्याच संध्याकाळी परतले. ढगकाकांनी वहीतल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कोणती पानं गेली?"

लेकीनं उरलेली पानं उलटून पाहिली. "तळ्याची, बाबा. आपल्या सुट्टीची." मग ती मला उचलून म्हणाली, "हे भिंग मी आधी फेकून देते."

"त्याला कशाला? ते बिचारं ठेवल्या जागी उभं होतं."

ती रडायला लागली. त्यांनी तिला समजावलं नाही, रागावलेही नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी वाचलं नाही. मी खणात पडून राहिले. तो अंधार मला शिक्षेसारखा वाटे.

मग एका दुपारी खण उघडला. लेकीनं नवी कोरी वही आणली होती.

"सांगा बाबा. तळ्यावरचा पहिला दिवस. हवा कशी होती?"

"धुकं," ते म्हणाले. "दिवसभर धुकं."

"नाही हो. कडक ऊन होतं. होडीत आईनं स्वतःचा रुमाल सोडून माझ्या डोक्याला बांधला होता. तिचं नाक लालबुंद झालं होतं."

ढगकाका तिच्याकडे बघतच राहिले. "हे मी लिहिलंच नव्हतं."

"मग आता लिहू."

तिनं लिहिलं. त्यांनी मला हातात घेऊन ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना स्वतःहून बाजूला होता येत नाही. आमच्याकडून काम जरूर करून घ्या. पण कितीही घाई असली, खाली कुणी कितीही भोंगे वाजवले, तरी दार ओढण्याआधी एकदा मागे वळून खोलीकडे बघा.