जुन्या वेळेचं घड्याळ

ओदिलची नजर पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पावणेपाच. तिच्या नवऱ्याला, फिर्मँला, सहाला चौकीत सही करायची होती. लोखंडाच्या भट्टीवरच्या संपापायी तुरुंगवास भोगून तो नुकताच सुटला होता, आणि अट अशी की दर रविवारी सहाच्या ठोक्याला हजेरी. एक जरी चुकली तरी पुन्हा आत, आणि या खेपेला थेट पूर्वेकडच्या खाणीत. तिथून कुणी परतल्याचं लाँग्वी गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

इतर दिवशी भट्टीचा भोंगा वेळ सांगे. रविवारी तोही मुका. चर्चच्या घंटा तर युद्धातच वितळवून त्यांच्या तोफा झाल्या होत्या. बाहेर धुकं एवढं की दिवा दुपारीच लावलेला. सगळी भिस्त त्या घड्याळावर, आणि आज मेला दिवस सरता सरत नव्हता.

"अगं, बस की जरा," फिर्मँ म्हणाला. "माझ्या नावाच्या संताचा दिवस आहे, माझा नामदिवस; मयत नाही."

त्याची आई फिलोमेन आलुबुखार घालून भाजलेला गोड तार्त कापत होती. म्हातारी आज आपला जुना खोकलाही विसरून भलतीच खुशीत होती. 'असं झालं असतं तर' हा रविवारचा तिचा आवडता खेळ तिनंच सुरू केला. "एकोणीसशे अठरा साली अमेरिकन वेळेवर आले असते तर?"

"तर पॅरिस पडलं नसतं," फिर्मँ म्हणाला. "लाँग्वी आपलंच राहिलं असतं. आधीच्या युद्धात गेलेलं मेत्झसुद्धा परत मिळालं असतं!"

"आणि जर्मनांना दंड भरावा लागला असता. चांगला कंबरडं मोडणारा!" म्हातारी म्हणाली.

"मग वीस वर्षांनी चिडून पुन्हा चालून आले असते," ओदिल म्हणाली.

"हिचं हे असं! मेली स्वप्नातसुद्धा घाबरते." म्हातारीनं घड्याळाकडे पाहून हनुवटी उडवली.

ते घड्याळ म्हणजे दोघींमधलं जुनं दुखणं. तहानंतर युद्ध जिंकलेल्या जर्मनांचा हुकूम निघाला होता, सगळी घड्याळं तासभर पुढे, बर्लिनच्या वेळेवर. रस्त्यात लोक ती वेळ पाळत, पण दार लावलं की घरोघरी पॅरिसची जुनीच वेळ चाले. झडतीत ती सापडली तर तुरुंग. फिर्मँला पकडलं तेव्हा झडतीच्या धास्तीनं ओदिलनं काटा पुढे सरकवला. "पोराला त्यांनी कोंडलं, आणि सुनेनं घरात त्यांचीच वेळ लावली," असं म्हणून म्हातारीनं तिच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता.

सव्वापाचला ओदिल त्याचा कोट आणायला उठली, आणि दार वाजलं.

दारात चौकीचा हवालदार. "सव्वासहा झाले. हजेरीला कुठं आहेस?"

सव्वासहा? तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग सासूकडे. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता, सुरी हातात तशीच. सकाळी ओदिल प्रार्थनेला गेली होती, तेवढ्यात हिनं काटा तासभर मागे, जुन्या वेळेवर नेला असणार. लेकाच्या नामदिवसाची भेट म्हणून! ओदिलला सासूचा असा संताप आला की तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं.

हवालदाराचीही नजर घड्याळावर गेली. "काटा कुणी मागे केला?"

फिर्मँ उठत होता. त्यानं स्वतःवर घेतलं तर थेट खाणच. म्हातारीचे ओठ हलत होते, पण तिचा तो खोकला घेऊन तुरुंगात एक हिवाळाही निघाला नसता.

"मी केला," ओदिल म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "त्याला काही ठाऊक नाही, साहेब. तो बिचारा घड्याळ बघत बसला होता. फसवलं मी त्याला."

"ओदिल!" फिर्मँ म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

हवालदारानं मिशी चोळली. "ह्याची सही उशिराची म्हणून घेऊ. तुझा गुन्हा मात्र वेगळा, बाई. चल."

फिलोमेननं स्वतःच्या अंगावरची लोकरी शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली. ओदिलनं शाल गुंडाळून घेतली. तिची भीती गेली नव्हती. तिघं धुक्यात दिसेनाशी झाली.

म्हातारी बराच वेळ दारात उभी राहिली. मग तिनं खुर्ची भिंतीशी ओढली, कण्हत कण्हत वर चढली आणि काटा स्वतःच्या हातानं तासभर पुढे केला. पुढच्या रविवारी फिर्मँला उशीर होऊन चालणार नव्हतं.