उतरवणाऱ्याचा मुलगा

क्रुसावर मेलेली माणसं खाली उतरवणं हे माझं काम. शिपाई खिळे ठोकून मोकळे होतात, उपटायचे मी. वाकलेले खिळे दगडावर सरळ करून परत द्यायचे, कारण लोखंड महाग आणि माणूस स्वस्त. गावाच्या लेखी मी मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. त्या लोण्याची चव कशी लागते, हे मात्र कुणी विचारत नाही.

चार वर्षांपूर्वी बंडात सापडलेल्या बारा जणांत माझा मुलगा होता. त्यालाही मीच उतरवला. ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर तेरावा खांब माझा असता. घरी सांगितलं, जहाजावर कामाला गेलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढ्यावरच मुलीचं लग्न कुंभाराच्या घरी ठरलं.

आणि ही पोरगी विणकराकडे जायला लागली. तिथे ते नवे लोक जमायचे, ज्यांचा देव म्हणे क्रुसावर मेला. कुंभाराच्या कानावर गेलं की सोयरीक मोडणार, म्हणून मी भरदुपारी तिला आणायला गेलो.

मागच्या खोलीत, मागाला टेकून सात-आठ जण बसले होते. वाद रंगला होता.

"आपण सैतानाच्या कैदेत होतो," विणकर सांगत होता. "आपल्याला सोडवायला देवानं स्वतःचा मुलगा खंडणी म्हणून दिला."

"खंडणी कसली? गळ होता तो," एक कोळी म्हणाला. "देह म्हणजे आमिष. सैतानानं गिळलं आणि फसला."

विणकरानं सुतावरून स्वर्ग गाठावा, माझं काही म्हणणं नाही. पण क्रुसावरच्या देहाला आमिष म्हटलेलं ऐकून माझं डोकं फिरलं.

"क्रुसावरचा माणूस जवळून पाहिलाय का कुणी?" मी दारातूनच विचारलं. "माश्या डोळ्यांत अंडी घालतात. हगणं-मुतणं मांड्यांवर वाळतं. राखेनं घासलं तरी हाताचा वास जात नाही. आणि त्याच्या पाया पडता तुम्ही? शी."

कोळ्यानं मान खाली घातली. मला बरं वाटलं.

"त्याच्याही अंगाला हाच वास आला असणार, बाबा," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "म्हणून तर तो आमचा. स्वच्छ जागी मेला असता तर आमच्या काय कामाचा?"

मी मुलीचा दंड धरला. "चल घरी."

"बाबा, दादा जहाजावर नाही," ती हळूच म्हणाली. "ते बंडातले बारा जण उतरवलेत, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. एरवी कुणाला उतरवून आलात तरी जेवता. तेव्हाच कळलं मला. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही. इथे काढते. इथे कुणी नाक दाबत नाही."

मी तिचा दंड सोडला. म्हातारीनं सरकून चटईवर जागा केली. मी बसलो नाही. ती खंडणी, तो गळ, तो घाणीतला देव, सगळ्याची मला तेव्हा किळस आली आणि आजही येते. पण पोटच्या पोराची चार वर्षं लाज बाळगली, त्याची किळस त्याहून जास्त होती.

तिथून सरळ कुंभाराकडे गेलो. तो चाकावर होता. त्याच्या बायकोनं पाणी पुढे केलं, मी हात लावला नाही.

"माझा थोरला क्रुसावर मेला," मी सांगितलं. "मीच उतरवला त्याला. हे ऐका आणि मग लग्नाचं काय ते ठरवा. चांगला पोरगा होता माझा."