हेमलॉकमधली सपाट वाट

डेल्फीन रँकोर्टनं हरणांचा विषय निवडला तो काही हरणांच्या प्रेमापोटी नाही, हे मिसेस प्रूइटना पहिल्याच भेटीत कळलं.

उत्तर व्हरमाँटमधल्या त्या टेकडीवरच्या शाळेत शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाला हिवाळाभर एका विषयाचा अभ्यास आपला आपण करावा लागे. त्याला वर्ग नाही, पुस्तक नाही. आठवड्यातून एकदा आपल्या शिक्षकांपुढे जाऊन बसायचं आणि मार्चमध्ये सगळ्या शाळेपुढे उभं राहून काय हाती लागलं ते सांगायचं. शाळेतली निम्मी मुलं स्कीइंगवाली, त्यामुळे विषयही तसलेच निघायचे. टोबिननं स्कीला लावायचं मेण घेतलं होतं, तर डेल्फीनच्या खोलीत राहणाऱ्या ब्रिननं धावणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके. डेल्फीननं सांगितलं, ‘हेमलॉकच्या झाडांच्या घळीत हिवाळा काढणारी हरणं.’

“हरणं आवडतात, की घळ?” मिसेस प्रूइटनी विचारलं. त्या जीवशास्त्र शिकवत आणि प्रश्न विचारताना चष्मा काढून हातात धरत.

“दोन्ही, मॅडम.”

“घळीतून कोचनी स्कीची नवी वाट काढलीय म्हणे. सपाट आहे ना?”

डेल्फीन हसली. लपवण्यासारखं काही नव्हतंच. दुपारच्या सरावाला त्या वाटेनं जायचंच होतं; जाता जाता झाडांना बांधलेले कॅमेरे बघता आले, तर अभ्यासही उरकला असता. हिवाळ्यात शाळेतल्या कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसे. उजाडायच्या आत उठून स्कीला इस्त्री फिरवून मेण लावायचं, मग वर्ग, जेवण, सराव, ओले मोजे हीटरवर टाकायचे आणि पुस्तक उघडून त्यावरच झोपायचं. एका दगडात दोन पक्षी मिळत असतील तर कोण सोडेल?

शिवाय ती वाट तिच्यासाठीच काढल्यासारखी होती. डेल्फीन उंच, लांब हातापायांची. सपाटीवर तिची लय लागली की मागच्यांना फक्त तिची पाठ दिसायची. चढ आला की मात्र तिचं सगळं गाडं अडायचं. मागच्या वर्षी राज्याच्या संघात तिची जागा थोडक्यात हुकली ती एका चढावरच. यंदा निवडीची शर्यत पहिल्यांदाच त्यांच्या शाळेत होणार होती, आणि ती घळीतून जाणार होती.

डिसेंबर तसाच गेला. कॅमेऱ्यांत हरणं दिसत, पानं ओरबाडत, नाहीतर उभ्या उभ्या झोपत. घळीतले हेमलॉक इतके दाट की निम्मं बर्फ वरच्या फांद्यांवरच अडकून राहायचं. खाली जेमतेम गुडघाभर, म्हणून आसपासची हरणं थंडी पडली की तिथं गोळा व्हायची. डेल्फीन दर आठवड्याला मिसेस प्रूइटना चार फोटो दाखवायची, त्या बघायच्या, “बरं” म्हणायच्या.

जानेवारीत मोठं बर्फ पडलं आणि फोटो बदलले. आता घळीतही हरणांच्या पोटाला बर्फ लागत होतं. कॅमेऱ्यात आधी उभी हरणं दिसत, मग एकदम उधळलेली, छातीपर्यंत बर्फात रुतून उड्या मारणारी, आणि त्यानंतर लगेच रंगीत टोप्या घातलेला शाळेचा संघ, एकामागे एक. सगळ्यात पुढे बहुतेक वेळा डेल्फीनच.

“ही धावतात ती कशाच्या जोरावर?” मिसेस प्रूइटनी विचारलं.

“खातात की. पानं खातात, साल खातात.”

“त्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. पानगळीच्या दिवसांत अंगावर चढवलेल्या चरबीवर ती एप्रिल गाठतात. वाचून ये.”

डेल्फीननं वाचलं. या हिवाळ्यात पहिल्यांदाच ती पुस्तकावर झोपली नाही. आणि त्यानंतरच्या फोटोंत कायोटी आले. लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून दांडगं असं ते जनावर खोल बर्फात फारसं शिरत नाही, पाय रुततात त्याचे. पण कोचनी यंत्र फिरवून दाबलेल्या वाटेवरून ते ऐटीत चालत येत होते, रस्त्यावरून चालावं तसे.

आठवड्याभरानं सरावात वळणावर सगळ्यात पुढे असलेली डेल्फीन थांबली. वाटेच्या कडेला एक हरीण पडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेलं पाडस असावं. मागचा भाग उरलाच नव्हता. रक्त स्कीच्या खाचेत गोठलं होतं आणि आजूबाजूला पंजांचे ठसे होते. बाकीचे तिला वळसा घालून पुढे गेले. ब्रिन तेवढी थांबली.

“चल गं. गारठशील.”

“वाटेवरूनच आले ते.”

“कोण?”

“कायोटी. आपल्या वाटेवरून आले, वाटेवरूनच गेले. बघ, बाहेर एक पाऊल नाही.”

ब्रिननं बघितलं. तिनं डेल्फीनच्या पाठीला हात लावला आणि दोघी निघाल्या.

पुढचे बरेच दिवस डेल्फीननं तोंड उघडलं नाही. तिचा हिशेब सरळ होता. शर्यत फेब्रुवारीत, भाषण मार्चमध्ये. जे सांगायचं ते मार्चमध्ये सांगितलं तरी खरंच असणार होतं. तोवर वाट वापरून झालेली, संघ निवडून झालेला. कोणाचं काही बिघडत नव्हतं. हरणांचं बिघडत होतं, पण हरणं दरवर्षी मरतात, तिनं स्वतःला सांगितलं. तिचे वडील दर नोव्हेंबरला एक मारून आणत आणि ती ते आवडीनं खात असे.

तिनं लिहिलेलं मिसेस प्रूइटनी वाचलं, चष्मा काढला.

“चांगलं झालंय. खरोखर चांगलं.”

“थँक्यू, मॅडम.”

“कोचनी वाचलंय?”

“नाही. मार्चमध्ये ऐकतीलच.”

“हं,” मिसेस प्रूइट म्हणाल्या. “अभ्यास तुझा आहे. मी फक्त वाचते.”

याहून त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी डेल्फीन मेणाच्या खोलीत गेली. कोच हॉलिस एकटेच होते, उलट्या स्कीवरचं जादा मेण पट्टीनं खरवडत. ती वाट मिळवायला शाळेच्या विश्वस्तांशी ते दोन वर्षं भांडले होते. डेल्फीननं फोटो बाकावर मांडले आणि जे होतं ते सांगितलं. ते खरवडत राहिले. मेणाचे पापुद्रे जमिनीवर पडत होते.

“घळ सोडली तर काय उरतं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“डोंगराची वाट.”

“एकदा नाही, दोनदा. तेवढं अंतर भरायला दोनदा चढावं लागेल. डोंगरावर तू कुठं असतेस?”

“ब्रिनच्या मागे.”

“ब्रिनच्या मागे तर सगळेच असतात. तू बरीच मागे असतेस.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “मार्चपर्यंत गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं.”

“हो. तोच विचार होता.”

कोचनी पट्टी खाली ठेवली. “संघाला तू सांगायचं. तुझ्या वतीनं मी सांगणार नाही.”

तिनं जेवणाच्या हॉलमध्ये, संघाच्या लांब टेबलाशी उभं राहून सांगितलं. ती बोलत होती आणि सूप गार होत होतं. संपल्यावर टोबिन मागे रेलला.

“म्हणजे आम्ही हिवाळाभर ज्या वाटेवर घाम गाळला, ती बंद. का, तर हरणांना दम लागतो.”

“दम लागत नाही. मरतात.”

“तू गेल्याच आठवड्यात घरून आलेलं हरणाचं सॉसेज खाल्लंस. मला देऊन खाल्लंस.”

हसू उसळलं. डेल्फीनलाही आलं असतं, एरवी.

“खाल्लं की. नोव्हेंबरमध्ये त्याला पळता येत होतं. बाबांच्या हातून दोन सुटली त्या दिवशी. आता पळणं हेच त्यांना मारतंय.”

“आणि आमचं काय? माझं पण शेवटचंच वर्ष आहे, बाई.”

डेल्फीननं ब्रिनकडे बघितलं. ब्रिन ताटातल्या बटाट्यावर काट्यानं रेघा ओढत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

कोचनी कोणाचं मत घेतलं नाही. सकाळी घळीच्या तोंडाशी पिवळा दोर बांधलेला होता. त्यांनी बाकीच्या शाळांना फोन केले, चार शिव्या खाल्ल्या, आणि त्या दिवसापासून सराव डोंगरावर सुरू केला.

डेल्फीननं जीव तोडून चढ मारले. पण वर्षांची कसर तीन आठवड्यांत भरून निघत नाही. शर्यतीच्या दिवशी पहिल्या फेरीत ती पुढच्या घोळक्यात टिकून होती. दुसऱ्या चढाच्या मध्यावर तिचे पाय शिशाचे झाले. एकेक मुलगी बाजूनं पुढे जाऊ लागली. उतारावर तिनं काहींना गाठलं, पुरेशा जणींना नाही. रेषेपलीकडे ती बर्फावर आडवी झाली, कुशीवर वळून ओकली, आणि कोणी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. ब्रिन पहिली आली. टोबिनचीही निवड झाली. डेल्फीनची नाही, या वर्षीही थोडक्यात.

खोलीत ब्रिन तिच्याजवळ येऊन बसली. “डेल, ऐक ना...”

“अभिनंदन,” डेल्फीन म्हणाली. “तुझ्यासाठीच तर बंद केली मी वाट.”

“असं बोलू नकोस.”

“त्या दिवशी टेबलावर तुला एक शब्द बोलता आला नाही.”

“काय बोलले असते? डोंगराची वाट म्हणजे माझी वाट. मी तुझी बाजू घेतली असती तर सगळे म्हणाले असते, हिचं फावलं.”

“तुझं फावलंच.”

ब्रिन उठून गेली. पुढच्याच आठवड्यात संघ मेन राज्यात स्पर्धेला गेला. जाताना दोघींत एवढंच बोलणं झालं की खिडकी नीट लागत नाही, बघ.

डेल्फीनला त्या दिवसांत हरणांचा मनापासून राग आला होता. तरी ती रोज घळीत जायची, बर्फावर चालायचे रुंद जोडे पायांत चढवून, लांबचा वळसा घेऊन, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं. दुसरं करायला होतं काय? सरावाची सगळी दुपार आता मोकळी होती. ताज्या बर्फानं वाट बुजत गेली. कायोटी येईनासे झाले. हरणं पुन्हा उभ्या उभ्या झोपू लागली. एक म्हातारी मादी, जिचा एक कान फाटका होता, ती डेल्फीनला ओळखू येऊ लागली. कुठल्या झाडाखाली ती असेल हेही आधीच सांगता येऊ लागलं. हा अभ्यास आहे हे डेल्फीन विसरून गेली.

आणि फेब्रुवारी संपता संपता पाऊस पडला. त्यावर कडाक्याची थंडी पडली. बर्फावर काचेसारखी साय धरली. कायोटीचा भार ती सहज पेलायची, हरणाचा खूर मात्र आरपार जायचा. आता वाटेची गरजच नव्हती, सगळी घळच वाट झाली होती. आठवड्याभरात डेल्फीनला घळीत जागोजाग हाडं दिसली. फाटक्या कानाची मादी शेवटच्या काही फोटोंत होती, मग नव्हती.

“हे सगळं सांगायचं का?” तिनं मिसेस प्रूइटना विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“सांगितलं तर टोबिन मला फाडून खाईल.”

“खाऊ दे,” मिसेस प्रूइट म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिला आपल्या थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

मार्चमध्ये, बाहेर मेपलचा रस आटवल्याचा वास सुटलेला असताना, डेल्फीन सगळ्या शाळेपुढे उभी राहिली. तिनं फोटो दाखवले, वाट दाखवली, पाडस दाखवलं, दोर दाखवला. मग पाऊस, मग हाडं.

“वाट बंद केल्यामुळे एक तरी हरीण वाचलं, असं मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “पावसानंतर मेलेली त्या आधीच्यांहून जास्त आहेत.”

टोबिननं हात वर केला. त्यानं करावा अशीच तिची अपेक्षा होती.

“मग बंद कशाला केली?”

“आपल्या हातात तेवढंच होतं म्हणून,” ती म्हणाली. “पाऊस माझ्या हातात असता तर तोही थांबवला असता.”

टोबिननं मान हलवली. पटलं म्हणून की नाही, ते कळलं नाही. पण तो खाली बसला तेव्हा हसत नव्हता. मागच्या रांगेत कोच हॉलिस हाताची घडी घालून उभे होते. शेवटी त्यांनी पुढे येऊन एवढंच सांगितलं, की घळीतली वाट आता पुन्हा उघडणार नाही, नवी कुठं काढायची ते बर्फ वितळल्यावर बघू.

बर्फ वितळलं, चिखल झाला, चिखल वाळला. मे महिन्यात एका शनिवारी कोचनी डेल्फीनला बोलावलं. शाळेच्या दक्षिणेला गवताचं मोठं रान होतं, त्याच्या कडेनं वाट आखायची होती. फाटकाशी पोचली तर लाल फितींचं बंडल घेऊन ब्रिन आधीच उभी.

“कोच म्हणाले, फिती धरायला कोणीतरी हवं,” ब्रिन म्हणाली.

“तुझ्यापेक्षा उंच कोणीतरी हवं होतं.”

“हो ना. म्हणून तुला बोलावलं.”

तिघं चालू लागली. काळ्या माश्या डोळ्यांत शिरत होत्या. कोच पुढे पावलं टाकत, इथं वारा फार लागेल, तिथं पाणी साचेल, असं पुटपुटत होते. डेल्फीन फांद्यांना फिती बांधत होती, ब्रिन कापून देत होती. अर्ध्या रानात आल्यावर ब्रिननं मेनची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिथं पहिल्याच चढावर तिची काठी मोडली होती आणि एका अनोळखी मुलाच्या तोकड्या काठीवर तिनं सगळी शर्यत वाकून पार पाडली होती. डेल्फीननं हे अजून ऐकलं नव्हतं. दोघींत बोलणंच नव्हतं ना.

“मग कितवी आलीस?” तिनं विचारलं.

“विचारू नकोस,” ब्रिन म्हणाली, आणि पुढची फीत कापायला कात्री शोधू लागली.