घसरलेला डबा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका! कोणी कोणाच्या कामात खोडा घातला की लोक म्हणतात, "मारली पाचर!" आमच्या वाट्याला आली ती एवढीच कीर्ती. पण उतारावरचा मालडबा जागच्या जागी थोपवायचा असला, की त्याच्या चाकाखाली मलाच सरकवावं लागतं.

मी मूळची रुळांखालची लाकडी पट्टी. रेल्वेच्या सुताराने मला कापलं, तिरकं तासलं, अंगावर लोखंडाची पत्ती ठोकली आणि यार्डात धाडलं. तिथे मालगाड्यांचे डबे जोडतात, सोडतात. आमचं यार्ड उतारावर होतं आणि उताराच्या पायथ्याशी रस्त्याचं फाटक. सायकली, हातगाड्या, शाळेतून परतणारी पोरं, सगळी वर्दळ त्या फाटकातून. काम असलं की माझी शोधाशोध व्हायची. काम नसलं की मी पडून, नाहीतर ऑफिसच्या दाराला टेकू. येणाराजाणारा लाथ मारूनच पुढे जायचा.

मला जपायची ती एक सांधेवाली. रुळांचे सांधे बदलायचे, उभ्या डब्यांचे ब्रेक आवळायचे, हे तिचं काम. आमचा यार्डमास्तर तिचा धाकटा दीर. घरी आणि कामावरही तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावोजी. तिचं घर तिच्याच पगारावर चालायचं, कारण नवरा आजारी होता.

त्या दुपारी तिने एका भरलेल्या डब्याचा ब्रेक आवळला. चाकासारखी ती मूठ पुढे फिरेना, तोवर आवळला. मग मला चाकाखाली ठोकलं आणि ती वळली. मित्रांनो, माझ्या अंगावर एकदम भार आला. डबा हलला होता!

मी रुळावरून फरफटत निघाले. पत्तीतून ठिणग्या उडाल्या, लाकूड धुमसायला लागलं. सांधेवाली मागे धावत ओरडत होती, "फाटक लाव! अरे, फाटक लाव!" फाटकवाल्याने दांडा खाली पाडला. पण दांड्याच्या आत, रुळांवरच एक म्हातारा सायकल धरून उभा होता, त्याचे पाय जागीच खिळले. मी दात घट्ट आवळले, म्हणजे असते तर आवळले असते. माझी निम्मी जाडी रुळावर झिजून गेली, तेव्हा कुठे डबा कुरकुरत थांबला. म्हातारा हाताच्या अंतरावर होता. कोणाला खरचटलंही नव्हतं.

यार्डमास्तरने इंजिन लावून डबा मागे ओढून घेतला. जणू काही झालंच नाही. मग त्याने मला उचललं आणि ऑफिसातल्या शेगडीपाशी नेलं.

"वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. फाटकवाला आपला माणूस आहे. ही पाचर जाळली की विषय संपला."

"भावोजी, डबा आपोआप सुटला, तर कोणाला लागो न लागो, त्याच दिवशी सरकारी सुरक्षा खात्याला कळवायचं. नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात."

"नियम मला पाठ आहे हो! पण ते पहिला प्रश्न काय विचारतील? ब्रेक कोणी आवळला? सगळं तुमच्यावर शेकेल. नोकरी गेली तर दादाला काय तोंड दाखवू मी?"

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. तो घाबरला होता. शेगडीची धग मला लागत होती.

"मी ब्रेक नीट आवळला होता," ती म्हणाली. "मग डबा सुटला कसा? मूठ झाकून काय करू, आत निखारा आहे." तिने त्याच्या हातातून मला हिसकावून घेतलं आणि फोन उचलला.

तासाभरात हुकूम आला, चौकशी होईपर्यंत सांधेवालीने कामावर यायचं नाही. ती मान खाली घालून घरी गेली. दीर तिच्याशी बोलेना. मला मात्र त्याने टेबलावर ठेवलं होतं. जाळलं नाही, हेही नसे थोडके.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले आणि मला उचलून त्याच डब्यापाशी घेऊन गेले. सांधेवालीला बोलावून म्हणाले, "काल आवळलात तसाच ब्रेक आवळा बरं." तिने आवळला. मूठ घट्ट झाली. तिच्या कपाळावर घाम होता. तपासनीस बॅटरी घेऊन डब्याखाली शिरले. यार्डमास्तर हातातल्या टोपीची कड चुरगाळत उभा होता.

मग खालून आवाज आला, "अहो, ब्रेक चाकाला टेकलेलाच नाही! आतला दांडा मध्येच अडकतोय. वर मूठ घट्ट लागते आणि खाली चाक मोकळंच!"

सांधेवाली मटकन खाली बसली आणि रडली.

तपासनिसांनी तिथूनच बाकीच्या यार्डांना फोन लावले. या जातीचे डबे कुठे कुठे घसरले होते? मग एकेक जण बोलू लागला. एका ठिकाणी घसरला होता, ढकलून मागे नेला. दुसरीकडेही तेच. प्रत्येकाला वाटलेलं, आपलाच हात सैल पडला. म्हणून प्रत्येकाने तोंड शिवलेलं. त्या दिवशी ते सगळे डबे कामातून काढले गेले.

यार्डमास्तर माझ्याशेजारी येऊन टेकला.

"वहिनी, मी तुमच्या जागी होतो ना, तेव्हा याच जातीचा एक डबा माझ्या हातून सुटला होता. कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ब्रेकला हात लावायची हिंमत झाली नाही. म्हणून तर मी या खुर्चीत आलो." तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. "म्हणजे माझे हात चांगले होते?"

"चांगलेच होते हो, भावोजी," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंत तर तेव्हाच कळलं असतं."

मित्रांनो, आता माझ्याच्याने काम होत नाही. नवशिक्यांच्या वर्गात मी टेबलावर पडून असते. अर्धं अंग झिजलेलं, जळक्या वासाचं. पोरं मला हातात घेऊन बघतात. तुमच्या हातून काही निसटलं, अगदी कोणाला लागलं नाही तरीसुद्धा, वेळेवर सांगा. रागावतील, रागावू द्या. आणि कोणी तुम्हाला सांगायला आलं, तर आधी डब्याखाली वाकून बघा, मग रागवा.

यार्डमास्तर अजून रोज एकदा यार्डात उतरतो आणि एखाद्या डब्याचा ब्रेक स्वतः आवळतो. मग खाली वाकून बघतो.