काचेतली बाई

माझी दोरी पडद्यावर दिसते, असं आयुष्यात कुणी मला तोंडावर म्हणालं नव्हतं. परवा एका तिशीतल्या पोरीनं म्हटलं, आणि तेही खुर्चीत गोल फिरत.

"आजोबा, ही रेघ म्हणजे फिल्मवरचा ओरखडा आहे, की तुमची दोरी?"

"माझी दोरी? आधी डोळे तपासून ये."

"चित्र आठपट मोठं केलंय ना, म्हणून दिसतेय."

"मग लहान कर! मोठं करायला तुला सांगितलं कुणी?"

कोपऱ्यात माझ्या कोटाचं बटण लावत बसलेली आमची ही फिस्सकन हसली. मी डोळे वटारले. तिला काडीचा फरक पडला नाही. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, आता वटारून डोळेच दुखतात.

तर मी दोरीवाला. स्टुडिओत मला याच नावानं हाक मारायचे. साहेबांच्या चित्रपटात जे जे आपोआप उडतं, चालतं, रुसून बसतं, ते ते मी वरच्या तुळईवर पालथा पडून नाचवलेलं असतं. साहेब म्हणजे आमचे दिग्दर्शक. बारा चित्रपट केले त्यांनी. त्यांचं नाव निघालं की लोक गोष्ट बाजूला ठेवतात आणि जादूचेच प्रसंग सांगत बसतात. म्हणून साहेबांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा प्रेक्षकांकडून आवडते प्रसंग पत्रानं मागवले. त्यातले पहिले दहा धुऊनपुसून मोठ्या थिएटरात दाखवायचे होते. पुसायचं काम या पोरीकडे. ओरखडा कुठला आणि दोरी कुठली हे तिच्या मशीनला कळेना, म्हणून माझी आठवण झाली. तीन जिने चढून मी एकटा जाणार म्हटल्यावर हिनं लगेच चपला घातल्या. "तू कशाला?" म्हटलं, तर म्हणे, कोटाचं बटण लोंबतंय.

दहाव्या नंबरला पहिल्या चित्रपटातली छत्री होती. मालकाला कंटाळून ती एकटीच फिरायला निघते, फुटपाथवरची माणसं बाजूला होऊन तिला वाट देतात, आणि एक म्हातारा तर टोपी काढून लवतो. तीन दोऱ्या, बस्स. सातव्या नंबरला पत्रं. पोस्टमन आळशी निघाला म्हणून पिशवीतली पत्रं वैतागून स्वतःच आपापल्या घरी जातात. चाळीस पत्रं म्हणजे चाळीस दोऱ्या, त्यातल्या सहा मी दातात धरल्या होत्या. तेव्हा दात होते. तिसऱ्या नंबरला चहाचा कप. नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं असतं आणि कप टेबलावर हळूहळू सरकत ज्याची चूक नाही त्याच्यापुढे जाऊन थांबतो. थिएटरात बायका शिट्ट्या मारायच्या हो! कारण कप बारा वेळा सरकला आणि बाराही वेळा बायकोकडेच गेला.

पोरगी रेघ दाखवायची, मी सांगायचो: ओरखडा, ओरखडा, केस, ओरखडा. तरी दोऱ्या निघाल्याच, एकूण सतरा. 

पहिल्या नंबरचा प्रसंग ती लावतच होती, तेवढ्यात काठी आपटत साहेब आत आले.

"काय रे दोरीवाल्या, आहेस का अजून?"

"आहे की. लोंबकळतोय."

पहिला नंबर चादरीचा, हे वेगळं सांगायला नको. आई नसलेली एक लहान मुलगी अंगणात एकटी बसलेली असते. वाळत घातलेली पांढरी चादर आपणहून दोरीवरून उतरते, तिला अलगद कुशीत घेते आणि वर नेते. आणि त्याच वेळी मागच्या खिडकीच्या काचेत एका बाईचा चेहरा दिसतो. जेमतेम दोन सेकंद. वर बघत असलेला. लोक म्हणाले, ही त्या मुलीची गेलेली आई. थिएटरं रडली. साहेबांना जो तो विचारायचा, ही कल्पना सुचली कशी? साहेब नुसते गालात हसायचे.

"ही बाई पुसून टाक," साहेब पोरीला म्हणाले.

पोरीची खुर्ची फिरायची थांबली. "साहेब, पत्रं वाचलीत का तुम्ही? सगळ्यांनी हिच्याबद्दलच लिहिलंय. चादरीचं नाव फार थोड्यांनी घेतलंय."

"म्हणूनच म्हणतो. मी तिला तिथं उभी केलेली नाही. कोण आहे ते मला आजतागायत माहीत नाही. बारा चित्रपटांत घाम गाळला मी, आणि लोकांना आवडलं काय, तर कुठून तरी घुसलेली बाई! मी मेल्यावरही हिच्याचसाठी माझं नाव घेतील. पूस."

मी वळून मागे पाहिलं. कारण ती बाई त्या क्षणी माझ्यामागे बसून सुईत दोरा ओवत होती.

ती स्टुडिओत कपडे शिवायची. अकरा चित्रपट शिवले तिनं, पण चित्रपटाच्या पाटीवर नाव कायम मुख्य शिंप्याचं. पडद्यावर ती कुठं असेल तर फक्त त्या दोन सेकंदांत. चित्रीकरणाचा लाल दिवा लागला की शिलाईच्या खोलीतून कुणी हलायचं नाही, असा साहेबांचा कडक नियम होता. मोडणारा दुसऱ्या दिवशी घरी. मी तुळईवरून तिला खिडकीमागून निसटताना पाहिलं होतं. गळ्यातला मापाचा टेप लगेच ओळखला. तेव्हापासून आम्ही दोघांनी तोंड शिवून ठेवलं होतं. आता बोलावं तर साहेबांची मर्जी कायमची जाणार. गप्प बसावं तर ती पुसली जाणार. पोरीचं बोट बटणावर गेलं.

"थांब गं!" मी ओरडलो. "साहेब, ही आमची मंडळी आहे."

साहेबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात, मग पुन्हा पडद्याकडे.

"वहिनी?"

"नमस्कार," ही म्हणाली.

"अरे चोरा!" साहेबांची काठी माझ्या पायावर आपटायची ती खुर्चीवर आपटली. "चाळीस वर्षं! तीन देशांत व्याख्यानं दिली मी हिच्यावर! मरण आणि ममता म्हणून! आणि ही टेप घेऊन उभी होती?"

"टेप दिसत नाही त्यात," मी म्हणालो. 

"पूस! आत्ताच्या आत्ता पूस!"

पण पोरगी ऐकायला तयार नव्हती. तिनं चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "साहेब, या आजी चादरीकडे बघतच नाहीयेत."

तिनं हिच्या डोळ्यांपासून पडद्यावर एक सरळ रेघ ओढली. रेघ चादरीच्या बाजूनं गेली, मुलीच्या डोक्यावरून गेली आणि चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर पडली.

"वर काय होतं?" साहेबांनी विचारलं.

वर मी होतो.

"तुळई कुरकुरत होती," ही म्हणाली. आवाज नेहमीचाच, भाजी आणायची आठवण करताना असतो तसा. "सकाळी चहा पिताना यांनी हसत हसत सांगितलं. कमरेला दोर बांधा म्हटलं, तर म्हणे हातात अडकतो. मग लाल दिवा लागला, आणि मला खोलीत बसवेना. नियम माहीत होता हो, पण पाय ऐकेनात."

साहेबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"त्या चित्रपटात आई होती," ते हळूच म्हणाले. "जिवंत. तीन दिवस त्या नटीला सांगत होतो, बाई गं, तुझा जीव वर टांगलाय असं बघ. नाही जमलं. शेवटी कंटाळून आईच मारून टाकली मी." मग पोरीकडे वळले. "राहू दे. एक केससुद्धा हलवू नकोस. आणि शेवटच्या पाटीवर वहिनींचं नाव पहिलं घाल."

"नको बाई," ही म्हणाली. "सगळ्या नातेवाइकांचे फोन येतील."

साहेब हसले, पोरगी हसली. मला मात्र हसता येईना. हा प्रसंग मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. पण काचेत ती आली की माझे डोळे चादरीच्या चार टोकांवर असायचे, दोरी दिसते का ते बघत. अख्खं थिएटर तिच्याकडे बघून रडत होतं, आणि मी शेजारी बसून दोऱ्या शोधत होतो. तिचा चेहरा मी परवा पहिल्यांदा नीट पाहिला. पंचवीस वर्षांची होती. आणि किती घाबरली होती! माझ्यासाठी.

"तेव्हाच सांगायचंस ना," मी म्हणालो. 

"सांगायलाच निघाले होते," ती म्हणाली. "घरी आले तर तुम्ही ओरडायला लागलात, मध्ये कशाला तडमडलीस म्हणून. मग राहूनच गेलं."